ओरू बसत नाहीत

(उन्मेष रामटेके हे लिहून ठेवणारच नव्हता. दोनदा फोनवर टाइप केलं, दोनदा पुसलं. टीव्हीवरच्या एका मालिकेपायी दोन मित्र भांडले, यात लिहिण्यासारखं काय आहे, लोक हसतील, असं त्याला वाटत होतं. शिवाय या भांडणात तो स्वतः काही फार शहाणा दिसत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. पण मानेसरच्या कारखान्याला नेणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसला की तेच बोलणं डोक्यात सुरू व्हायचं. शेवटी त्यानं ठरवलं, आपण मध्ये तोंड घालायचं नाही, जे जसं बोललं गेलं तसं मांडायचं. तर जागा दिल्लीतलं मुनिरका, चौथ्या मजल्यावरची त्याची भाड्याची खोली, रविवारची दुपार. आदल्या दिवशी ‘मेरिडियन’ या अंतराळातल्या मालिकेच्या चाहत्यांचा जो दिल्लीतला क्लब आहे, त्याचं वार्षिक जेवण नोएडात झालं होतं. सगळे मालिकेतली सोंगं घेऊन येतात. उन्मेष ‘ओरू’ होतो, म्हणजे जहाजाच्या तळमजल्यावरचा, गाळ काढणारा कामकरी. या वर्षी पहिल्यांदा त्याची आई, दिल्लीतली नोकरी संपवून नागपूरला परतलेली लता, ते बघायला आली होती. आत्ता ती भाजी आणायला खाली गेली होती, आणि शाळेपासूनचा मित्र विनायक दारात उभा होता.)

विनायक: आधी पाणी दे, मग शिव्या दे.

उन्मेष: पाणी माठात आहे. ग्लास विसळून घे.

विनायक: फोन का उचलत नाहीयेस?

उन्मेष: उचलायचा नव्हता.

विनायक: विक्रांतचा पण नाही उचललास. तो पागल झालाय. सकाळपासून मला लावून लावून त्यानं...

उन्मेष: विक्रांत क्लबचा कॅप्टन. त्याला सांग, ओरू खालच्या मजल्यावर गेलाय, तिथं रेंज नसते.

विनायक: यार, मस्करी नको ना.

उन्मेष: मस्करी काल चालली होती. आज मी साधं बोलतोय.

विनायक: काकू कुठेत?

उन्मेष: कोथिंबीर आणायला गेलीय. येईल इतक्यात. तिच्यासमोर बोलण्यासारखं नसेल ते आत्ताच बोलून घे.

विनायक: क्लबातल्या निधीनं कालचा व्हिडिओ टाकलाय. पाहिलास?

उन्मेष: मी त्यात आहे. मला पाहायची काय गरज.

विनायक: तिच्या मनात काही नव्हतं. ती तुझा पोशाख शूट करत होती, मागं काय चाललंय तिला माहितीच नव्हतं. पण त्यात काकू उठताना दिसतात. आणि माझा आवाज येतो. साफ येतो. पुण्यातल्या क्लबनं उचललं, मग बंगलोरवाल्यांनी. खाली लोकांनी काय काय लिहिलंय, वाचवत नाही. हिवाळ्यातलं ऑल इंडिया संमेलन आपल्याकडे यायचं होतं, उद्या फायनल होणार होतं. विक्रांत म्हणतो, हातातून गेलं समज.

उन्मेष: अच्छा. संमेलनासाठी आलायस.

विनायक: तुझ्यासाठी आलोय. आणि एक काम पण आहे.

उन्मेष: वाच.

विनायक: काय?

उन्मेष: विक्रांतनं काहीतरी लिहून दिलं असणार माझ्या नावानं टाकायला. वाच.

विनायक: हिंदीत आहे. ‘मैं तीन साल से अपनी मर्ज़ी से ओरू बन रहा हूँ. खड़े होकर खाना हमारे क्लब की परंपरा है, इसमें किसी का अपमान नहीं. मेरी माँ को ग़लतफ़हमी हुई.’

उन्मेष: शेवटचं परत वाच.

विनायक: राहू दे ना.

उन्मेष: माँ को ग़लतफ़हमी. बाईनं अख्खी नोकरी मिनिस्ट्रीत काढली, सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाली, लोकांनी फाइलींवर लिहिलेल्या नोटिंगमधल्या चुका काढायचा पगार घेतला तिनं. तिला गैरसमज होईल?

विनायक: भाषा बदलू. तू म्हणशील तशी करू.

उन्मेष: काल काय झालं ते सांग मला. तुझ्या तोंडून.

विनायक: तुला माहितीये.

उन्मेष: मला माहितीये. तुला माहितीये का ते बघायचंय.

विनायक: काय झालं... टेबल लागलं. कॅप्टनचं टेबल, मधोमध. विक्रांत टोकाला, मी त्याच्या बाजूला. ओरू भिंतीशी, उभ्यानं, हातात प्लेटा, दरवर्षीसारखे. तू आणि ते दोन नवीन. लोक ओरूंचा आवाज काढत होते, ‘हुजूर, गाद निकाल दी हुजूर’. तू पण काढत होतास.

उन्मेष: मी पण. हो. पुढे.

विनायक: काकू पाहुण्या, माझ्या शेजारी बसलेल्या. त्यांनी मागं वळून बघितलं, तू उभा. त्यांनी रिकामी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, बस रे, उभ्यानं काय जेवतोस. तू बसलास.

उन्मेष: मग?

विनायक: विक्रांत हसला. म्हणाला, आंटी, ओरू नहीं बैठते, शो में ऐसा ही है.

उन्मेष: त्याचं आईला काही लागलं नाही. तिला वाटलं, पोरांचा काहीतरी खेळ चाललाय. ती पण हसली. मग?

विनायक: मग मी, म्हणजे त्यांना नीट कळावं म्हणून, मराठीत सांगितलं.

उन्मेष: काय?

विनायक: उन्मेष, यार.

उन्मेष: काय सांगितलंस?

विनायक: म्हटलं, काकू, ते आपल्याबरोबर बसत नसतात. तशी पद्धत आहे.

उन्मेष: आणि मला?

विनायक: तुला म्हटलं, ऊठ ना, फोटो राहिलाय.

उन्मेष: आणि मी उठलो. ते पण मोज. तू ऊठ म्हणालास आणि मी गाढवासारखा उठलो. मग आई उठली. प्लेट उचलून भिंतीशी आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. सगळं जेवली. दहीभल्ला पण. पूर्ण हॉल बघत होता आणि ती चमच्यानं वाटी खरवडत होती.

विनायक: मी नुसतं भाषांतर केलं.

उन्मेष: विक्रांत म्हणाला, शो में. तू शो कुठं ठेवलास त्यात? तो गाळलास. ‘आपल्याबरोबर’ तुझं. ‘पद्धत’ तुझी. त्या येड्याला बोलायचं होतं टीव्हीबद्दल. तू बोललास घरातलं.

विनायक: घरातलं म्हणजे? आमच्या घरातलं? आमच्या घरी तू सोफ्यावर पाय पसरून बसायचास. आई तुझ्यासाठी वेगळी तिखट भजी तळायची. सगळे सीझन आपण आमच्याकडे पाहिले. कधी कुणी काही म्हटलं तुला?

उन्मेष: नाही म्हटलं. पण ते तू लक्षात ठेवलंयस बघ. कुणी काही म्हटलं नाही, याची आठवण आहे तुला. तू आमच्या क्वार्टरवर यायचास, आमच्या पलंगावर झोपायचास. मी कधी तुला ऐकवलं का, की बाबा रे, तुला इथं कुणी काही म्हटलं नाही?

विनायक: तू हे जातीवर नेतोयस.

उन्मेष: तू माझी जात मनात धरून बोललास असं मला वाटतच नाही. तसं वाटलं असतं तर सोपं होतं. एक ठेवून दिली असती आणि मोकळा झालो असतो. तुला मनात धरावीच लागली नाही. तयार वाक्य होतं. तोंडात हात घातलास आणि हाताला आलं.

विनायक: मी त्यातला नाहीये. तुला माहितीये.

उन्मेष: ऐक. क्लबात कोण आहेत? खन्ना, त्यागी, बॅनर्जी, नायर. त्यांना रामटेके म्हणजे काय कळतं? घंटा. त्यागीला वाटतं मी साउथचा आहे. एक जण मला रामटेकजी म्हणतो, कुठंतरी देऊळ आहे त्या नावाचं म्हणून. आईबाबांना दिल्ली आवडायची ती याचसाठी. इथं आपलं आडनाव नुसतं आडनाव असतं, कुणी ऐकून क्षणभर थांबत नाही. त्या अख्ख्या हॉलात माझं आडनाव वाचता येणारा एकच माणूस होता. तू. आणि ते वाक्य कळणारे दोनच. मी आणि आई.

विनायक: काय बोलू. मला खरंच... ती गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही.

उन्मेष: हो. तुझ्या डोक्यात यायची गरज नसते. आमच्या येते.

विनायक: पण शो तसा नाहीये ना यार. शोनंच तर आपल्याला शिकवलं. कॅप्टनची शपथ. ‘या जहाजाला मजले आहेत, माणसांना नाहीत.’ मी ट्रेनिंगमध्ये लावतो ती स्लाइड. नवीन जॉइन होणाऱ्यांना पहिल्याच दिवशी.

उन्मेष: एचआरवाल्यांचं बरं असतं. गुडगावात काचेच्या खोलीत स्लाइड लावायची, सगळ्यांनी मान हलवायची, मग सामोसे. त्या स्लाइडवर कॅप्टनच्या मागं कोण उभं असतं, पाहिलंयस कधी?

विनायक: तुमा.

उन्मेष: तुमा. गाळाचं पिंप घेऊन. आउट ऑफ फोकस. नऊ सीझन, नाव असलेला एकच ओरू, त्याला आडनाव नाही, बायको नाही, घर नाही. जहाज किती वेळा वाचवलं त्यानं? दर वेळी कॅप्टन त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि मग हात पुसतो, आणि मागून हसण्याचा आवाज येतो. आपण पण हसायचो.

विनायक: लहान होतो आपण.

उन्मेष: आणि हिंदी डबिंग आठव. इंग्लिशमध्ये तुमा ‘सर’ म्हणतो, सगळेच म्हणतात तसं. हिंदीत त्याला ‘हुजूर’ दिलं. कॅप्टन एकदम शुद्ध, बातम्या वाचल्यासारखा, आणि ज्याला इंजिनातलं सगळं कळतं तो बोलतो बड्या लोकांच्या कोठीतल्या नोकरासारखा. म्हणजे बाहेरच्यांनी अर्धं केलं होतं, राहिलेलं आपल्याकडच्यांनी पूर्ण केलं. कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणी नाही. हाताला आलं.

विनायक: मान्य. डबिंग वाईट होतं.

उन्मेष: चौथा सीझन. ओरू कॅप्टनकडे अर्ज घेऊन जातात. जेवणघरात आम्हाला बसायला जागा द्या. आठवतं? तुमच्याच घरी पाहिला. मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो. म्हटलं, आता मिळणार. आता कॅप्टन ती शपथ म्हणणार आणि खुर्ची ओढणार. आणि मग ती डॉक्टरीण येते आणि सांगते, ओरूंचं माकडहाड वेगळं असतं, बसलं की त्यांना दुखतं. कॅप्टनला वाईट वाटतं. तुमा त्याचे आभार मानतो. संपला एपिसोड. तुला कळतंय का काय केलं त्या लोकांनी? एक खुर्ची द्यावी लागू नये म्हणून अख्ख्या जमातीची हाडं बदलली.

विनायक: जुना शो आहे रे. लिहिणारे त्या काळातले होते. तेवढंच सुचणार त्यांना.

उन्मेष: उजेडापेक्षा फास्ट जाणारं जहाज सुचलं. मेलेला माणूस परत आणायचं मशीन सुचलं. खुर्ची नाही सुचली?

विनायक: एवढा राग होता तर तीन वर्षं ओरू का झालास? कुणी हात पिरगाळला होता? बेस्ट कॉस्च्यूम तूच जिंकतोस. ते डोकं बनवायला तू दोन महिने घालवलेस, मला रोज फोटो पाठवायचास. कडक झालंय का, रंग बघ, भुवया बघ. आता सगळा दोष आमचा?

उन्मेष: कारण मला तुमा आवडायचा. त्या अख्ख्या जहाजावर ओळखीचा वाटणारा तो एकटा होता. आणि हो, मी शो सोडला नाही, अजून नाही सोडलेला. रोबॉट प्रोग्रॅमिंग मी यूट्यूबवर शिकलो आणि इंग्लिश मेरिडियनवर. मानेसरला इंटरव्ह्यूत तोंडातून शब्द फुटेना तेव्हा मी ती शपथ म्हटली मनात. म्हणून तर डोकं फिरलंय. फालतू शो असता तर बंद केला असता.

लता: अरे, हळू. खाली मोमोवाल्यापर्यंत आवाज येतोय. समोरच्या खिडकीतली मुलं अभ्यास सोडून ऐकताहेत.

विनायक: काकू. नमस्कार.

लता: विनायक, तू होय. उभा का? उन्मेष, त्याला बसायला तरी दे. ते डोकं उचल खुर्चीवरून.

विनायक: नको काकू, ठीक आहे मी.

लता: बस म्हणते ना. काल मेट्रोत या डोक्यानं काय छळलं. आधी गेटवर तो शिपाई म्हणतो, भैया, सिर उतारो. मी म्हटलं, उतरतं, घाबरू नका, आमच्याच घरचं आहे. आणि मग अख्खी मजेंटा लाईन ते माझ्या मांडीवर. एक छोटी मुलगी मुनिरका येईपर्यंत त्याच्याशी बोलत होती.

विनायक: काकू, कालचं... मला सॉरी म्हणायचं होतं.

लता: म्हण.

विनायक: सॉरी, काकू.

लता: ठीक. मला राग आला नाही असं समजू नकोस. इतका आला होता की तो दहीभल्ला गोड होता का खारट, आठवत नाही. रात्री तुझ्या आईला फोन लावणार होते. नंबर काढला, मग म्हटलं, राहू दे, तिचं बीपी.

विनायक: थँक यू काकू.

लता: पण मला एक सांग. मेट्रोत मी याला विचारलं, ही कोण रे माणसं, जी बसत नाहीत? तर म्हणे झोप आलीय. तूच सांग. तुला सांगता येतं चांगलं. कालही तूच सांगितलंस.

विनायक: काकू, प्लीज.

लता: टोमणा मारतेय थोडा. पण विचारतेय खरंच. मुलगा दोन दोन महिने ते डोकं रंगवत बसतो, मला कळायला नको, काय आहे ते?

विनायक: म्हणजे, पुढच्या काळातली गोष्ट आहे. हजार वर्षांनंतरची. एक मोठं जहाज असतं, आकाशात फिरतं. त्यावर वेगवेगळ्या ग्रहांवरचे लोक. सगळे बराबर. तसा नियमच आहे. कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही.

लता: छान.

विनायक: आणि ओरू खालच्या मजल्यावर राहतात.

लता: हं.

विनायक: इंजिनात गाळ साठतो, तो ते काढतात. म्हणजे त्यांच्या ग्रहावर पण ते हेच करायचे. त्यांना ते जमतं. जन्मापासून. शरीरच तसं असतं त्यांचं.

लता: दुसरं कुणी नाही काढत?

विनायक: नाही. दुसऱ्यांना त्या गाळाचा त्रास होतो.

लता: आणि यांना होत नाही.

विनायक: असं दाखवलंय. मग त्यांच्या अंगाला वास येतो, त्यावर जोक आहेत. गमतीतले. आणि जेवणाच्या वेळी ते बाकीच्यांबरोबर...

लता: बोल की.

विनायक: नाही काकू. पुढचं नाही सांगता येत मला.

लता: का? काल तर आलं.

विनायक: काल ऐकलं नव्हतं मी, काय बोलतोय ते.

लता: त्यांना कुणी विचारलं का कधी, त्या ओरूंना? की बाबांनो, तुम्हाला बसायचंय का?

उन्मेष: त्यांनीच मागितलं होतं, आई. एकदा. मग डॉक्टरनं सांगितलं, बसलं तर तुम्हाला दुखेल.

लता: एवढं लांब आकाशात जाऊन हेच दाखवलं?

उन्मेष: हेच नाही फक्त. चांगलं पण आहे. खूप चांगलं आहे. एक एपिसोड आहे, त्यात तुमा एकटा एका मरणाऱ्या ताऱ्याशी बोलत बसतो. म्हणजे उभा असतो. तो बघ तू कधीतरी. मी रडलो होतो. तू दोन वाक्यांत निकाल नको लावूस.

लता: बरं. नाही लावत. पण मला आता तुला विचारायचंय. हा बोलला ते बोलला. तू तीन वर्षं का उभा राहिलास?

उन्मेष: आई, आत्ता नको.

लता: आत्ताच. मी नोकरीला लागले तेव्हा सेक्शनमध्ये आम्ही चौघी मराठी होतो. डबे एकत्र उघडायचे. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, तुझं टेबल लांब आहे ना, तू तिथंच खा, उगाच कशाला येतेस. किती गोड बोलल्या. मी माझी खुर्ची उचलून नेली आणि त्यांच्यात जाऊन बसले. त्यातल्या दोघी उठून गेल्या. एक राहिली, ती अजून दिवाळीला फोन करते. मी तुला हे कधी सांगितलं नाही, कारण वाटलं, तुझ्यावर ही वेळ यायची नाही. आणि तू तिथं भिंतीला टेकून हुजूर हुजूर करत होतास. हसत हसत.

उन्मेष: मला वाटलं, हे वेगळं आहे. हा शो आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांना सोंगं वाटून दिली, मला ओरू मिळालं, तेव्हा मनात आलं होतं. मग म्हटलं, यांना काय माहिती मी कोण. विक्रांतला काय कळतंय. त्याला मी काळा आणि जाड दिसलो असेन, बास.

विनायक: विक्रांतनं नव्हतं ठरवलं.

उन्मेष: म्हणजे?

विनायक: कमिटीत मी होतो. तुझं नाव आलं तेव्हा मी म्हटलं, उन्मेषला ओरू द्या.

उन्मेष: तू.

विनायक: तुला तुमा आवडतो म्हणून. देवाशपथ, म्हणूनच. आत्तापर्यंत मी असंच समजत होतो. आता मला माहीत नाही.

उन्मेष: निघ इथून.

विनायक: उन्मेष...

उन्मेष: तीन वर्षं, भडव्या. तीन वर्षं मी स्वतःला समजावत होतो की ज्यानं दिलं त्याला माहीत नव्हतं.

लता: शिवी नको. आणि तो कुठंही जात नाहीये. त्यानं सांगितलं म्हणून तर तुला कळलं. विनायक, फोन सारखा वाजतोय तुझा.

विनायक: विक्रांत आहे, काकू. त्याला एक मेसेज टाकून हवाय उन्मेषच्या नावानं.

लता: काय मेसेज?

उन्मेष: की तुझा गैरसमज झाला.

लता: अच्छा. माझा. सही कुठं करू?

विनायक: नाही काकू. तो जाणार नाही. मी सांगतो विक्रांतला, उन्मेष नाही म्हणाला.

उन्मेष: उन्मेष नाही म्हणाला, हे नको. परत माझ्याच गळ्यात. तू काय म्हणतोस ते सांग.

विनायक: मी संमेलनाचा कोऑर्डिनेटर आहे यार. दोन वर्षं मेहनत केलीय त्यासाठी. मी असं बोललो तर तो मला...

उन्मेष: मग नको बोलू. दार उघडंच आहे.

विनायक: थांब. एक मिनिट थांब ना. हां, विक्रांत, सुन. वो मैसेज नहीं जाएगा. ग़लतफ़हमी आंटी को नहीं हुई, उन्होंने बिल्कुल ठीक समझा. वीडियो में जो आवाज़ है वो मेरी है, और जो मैंने मराठी में बोला वो गंदी बात थी. शो की बात नहीं थी. किसी को पूछना हो तो मुझसे पूछे. और अगले साल सब बैठेंगे, नहीं तो मैं नहीं आऊँगा. बस. रखता हूँ.

लता: चहा टाकते.

विनायक: उत्तर आलं त्याचं. काढलं मला ग्रुपमधून.

उन्मेष: एवढ्यात?

विनायक: एवढ्यात. ‘विक्रांत रिमूव्ड यू.’ हे बघ.

उन्मेष: हसू नकोस. मी अजून रागात आहे.

विनायक: हसत नाहीये. तू राहा रागात. तुझ्या जागी असतो तर मीही राहिलो असतो.

उन्मेष: तू नसतास राहिला. तुला कधी राहावं लागलं नसतं.

विनायक: हं. तू हे लिहिणार आहेस ना? तू लिहितोस फोनवर, मला माहितीये.

उन्मेष: हे नाही. असलं काय लिहायचं.

विनायक: लिही. आणि माझं नाव बदलू नकोस. काकूंना जे म्हणालो ते तसंच घाल, गोड करू नकोस. कमिटीतलं पण.

उन्मेष: तुझ्या ऑफिसात कळेल.

विनायक: तिथं मराठी वाचणारी एकटी नीरजा आहे, पेरोलमध्ये. तिनं वाचलं तर वाचलं. फक्त एक सांग. आपलं मिटलं असं लिहिशील का शेवटी?

उन्मेष: नाही. मिटलेलं नाही. खोटं नाही लिहिणार.

विनायक: ठीक आहे.

उन्मेष: पण आईला सांगता सांगता तू मध्येच थांबलास ना, ते गाळणार नाही. हे वचन.